तीन नकाशे आणि हुडकेश्वरचा नाला

‘चिमणीच्या अगदी समोर’ हा पत्ता मला खापरखेड्याहून इतक्यांदा मिळाला, की शेवटी मी त्यावर चिडणंही सोडून दिलं. वीज केंद्राच्या चिमण्या तिथे कुठल्याही अंगणातून दिसतात. वसाहतीतलं प्रत्येक क्वार्टर चिमणीच्या समोरच आहे आणि प्रत्येक क्वार्टर शेजारच्या क्वार्टरसारखंच आहे. फोनवरच्या माणसाला मात्र वाटतं, एवढी उंच खूण सांगितल्यावर हिला आणखी काय हवं?

मला हवं असायचं ते एवढंच, की ऑक्सिजनची गाडी बरोबर त्याच दारात थांबावी. विसाहून जास्त वर्षं मी हेच काम केलं. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मागच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. एका खोलीत सिलिंडर, दुसऱ्या खोलीत मी, दोन फोन आणि एक कॉम्प्युटर. घरी उपचार घेणाऱ्या पेशंटना ऑक्सिजन पोचवायचा हा आमचा धंदा. फोन घ्यायचा, घर शोधायचं, ड्रायव्हरला सांगायचं. लोक विचारायचे, ‘दिवसभर खुर्चीत बसून थकता कशाने?’ मी म्हणायची, ‘चालून.’ कारण दिवसभर मी डोक्यातल्या डोक्यात नागपूरच्या गल्ल्याच तुडवत असायची.

आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर रामरतनभाऊ. उमरेडचे, माझ्याच गावचे. त्यांच्या घरी माग होता, आमच्याही घरी होता. त्यांचाही बाप विणकर, माझाही. त्यांच्यापेक्षा मी लहान, तरी ते मला ताई म्हणायचे आणि मी त्यांना भाऊ. कामठीचं एक गिऱ्हाईक पत्ता सांगायचं, ‘लूमचा आवाज जिथं बंद होते, तिथून डाव्या हाताले वळा.’ पहिल्या खेपेला रामरतनभाऊ अगदी बिनचूक पोचले. दुसरी खेप नेमकी लूमच्या सुट्टीच्या दिवशी आली. तासाभराने त्यांचा फोन. ‘ताई, आज तर पूर्ण कामठीच डाव्या हाताले आहे. सांगा आता, कुठं वळू?’

मग ऑनलाइन नकाशे आले आणि मला वाटलं, सुटलो. सुटलो कसले! एकाच्या जागी तीन नकाशे झाले आणि तिघांची तोंडं तीन दिशांना.

बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. पहिला एका बड्या कंपनीचा नकाशा, सगळ्यांच्या फोनमध्ये असतो तो. त्याला दुकानं, दवाखाने, मंगल कार्यालयं सगळी तोंडपाठ, पण नव्या लेआउटमधल्या गल्ल्या आल्या की तो गप्प. दुसरा लोकांनी मिळून काढलेला. जगात कोणीही त्यात रस्ता काढू शकतो, घर टाकू शकतो, दुसऱ्याची चूक सुधारू शकतो. त्यात गल्ल्या चांगल्या, पण जिथे कोणी हौशी माणूस राहतो तिथल्याच. तिसऱ्यात वरून घेतलेलं चित्र फार स्वच्छ. गच्चीवरची टाकी मोजता येईल, पण नावाच्या नावाने शून्य.

आणि या तिघांचं एकमेकांशी बोलणं नाही. एकात घर सापडलं की त्याचे अक्षांश-रेखांश वहीत उतरवायचे, दुसरा नकाशा उघडायचा, तिथे आकडे टाकायचे, तिसरा उघडायचा, पुन्हा आकडे. तिकडे फोनवर कोणाचा तरी श्वास अडकलेला आणि इकडे मी आकडे टाईप करत बसलेली.

एक दिवस इंटरनेटवर मला एक स्क्रिप्ट सापडली. स्क्रिप्ट म्हणजे वीस-पंचवीस ओळींचा छोटा प्रोग्राम. तो ब्राउझरमध्ये बसवला की कुठलाही नकाशा उघडल्यावर कोपऱ्यात दोन बटणं दिसतात. बटण दाबलं की तीच जागा, तेवढ्याच आकारात, दुसऱ्या नकाशात उघडते. बस्स, एवढंच काम. पण माझ्यासाठी तर तो मोक्षच होता. ती कोणा परदेशी माणसाने लिहिली होती आणि पुढे सांभाळायची सोडून दिली होती. नकाशावाले अधूनमधून आपल्या साइटची रचना बदलतात, मग स्क्रिप्ट बंद पडते. पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मला रडूच आलं. दुसऱ्यांदा मी ती उघडून वाचायला बसले. मी बी.कॉम. आहे, प्रोग्रामिंगशी माझा काडीचा संबंध नव्हता. पण ओळी वाचता वाचता कळायला लागलं, की कुठल्या नकाशाला आकडे कशा क्रमाने हवेत एवढंच हिला सांगायचं असतं. पंधरा दिवस दुपारच्या डब्याच्या वेळेत मी तिच्याशी झटापट केली.

दुरुस्त झाली असं समजून मी रामरतनभाऊंना मोठ्या ऐटीत बोलावलं आणि हुडकेश्वरवर बटण दाबलं. स्क्रीनवर निळं पाणी आणि पांढरे तुकडे. मी अक्षांशाच्या जागी रेखांश दिला होता. नागपूरची अदलाबदल केली की माणूस थेट उत्तर ध्रुवाच्या बाजूला बर्फाच्या समुद्रात जाऊन पडतो, हे तेव्हा कळलं. भाऊंनी वाकून पाहिलं. मग म्हणाले, ‘हुडकेश्वर वाढून राहिलं हे मले माहीत होतं ताई, पण एवढं?’

नंतर मात्र ती सुरळीत चालली. माझ्या आयुष्यात मी स्वतःच्या हाताने केलेली ती एकच गोष्ट, जिच्यावर ऑफिसमधले सगळे अवलंबून होते. त्याचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे. आईने मागावर विणलेल्या साड्या गावात लोक ओळखायचे. माझी स्क्रिप्ट कोणी ओळखत नव्हतं, पण ती बंद पडली की तीनही ड्रायव्हर माझ्या टेबलाशी उभे राहायचे.

बटणांमुळे मी एक नियम केला. दोन नकाशांत एकच रस्ता दिसला तर गाडी सोडायची. एका नकाशाची चूक होऊ शकते, पण वेगवेगळे दोन नकाशे एकच चूक कशाला करतील? नियम चांगला होता. वर्षभर त्याने एकदाही दगा दिला नाही. दोन्ही नकाशे खरोखरच वेगवेगळे आहेत का, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

आता नाल्याकडे येते.

हुडकेश्वरच्या पुढे जिथे शेतं होती तिथे लेआउट पडत गेले. प्लॉटचे आकडे कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात हे प्लॉटवाल्यांनाही सांगता येत नाही. त्या भागात गाडी पाठवायला मला त्रास व्हायचा म्हणून एका हिवाळ्यात मी लोकांच्या नकाशात तिथल्या गल्ल्या काढायला घेतल्या. रोज थोड्या थोड्या. तिसऱ्या नकाशातलं वरचं चित्र बघायचं आणि त्यावरून रेघ ओढायची. एका ठिकाणी नाला होता. नाल्याच्या अलीकडे रस्ता स्पष्ट दिसत होता, पलीकडेही दिसत होता, आणि मध्ये बाभळींचं गचपण. दोन्ही टोकं अगदी एका रेषेत. मी मनाशी म्हटलं, मध्ये पूल असणारच, झाडांखाली झाकला असेल. मी रेघ जोडून टाकली. नकाशात माहिती कुठून घेतली हे लिहायला एक रकाना असतो. तो मी रिकामा ठेवला. त्या हिवाळ्यात आणखी अशा तीस-चाळीस रेघा काढल्या असतील. ती रेघ मी विसरूनही गेले.

पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी दोनचा सुमार. हुडकेश्वरहून सुमनबाईंचा फोन आला. त्यांचे यजमान दौलतराव निवृत्त पोस्टमन, फुप्फुसं निकामी होत चाललेली. त्यांच्याकडे आमचं कॉन्सन्ट्रेटर होतं, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन. ते विजेवर चालतं. वीज गेली तर म्हणून सोबत एक लहान सिलिंडर देतात.

‘बाई, लाइन गेली वं. सिलिंडरचा काटा लाल पट्टीत आला. बुढ्याचे ओठ काळे पडून राहिले.’

त्यांच्याकडे नेहमी जाणारा ड्रायव्हर त्या दिवशी सुट्टीवर होता. रामरतनभाऊ रिंग रोडवर होते, गाडीत भरलेला सिलिंडर होता. मी बड्या कंपनीचा मोठा नकाशा उघडला. सुमनबाईंचं घर नाल्याच्या पलीकडे, आणि नाल्यावरून थेट रस्ता. माझ्या आठवणीत पूर्वी तो तिथे नव्हता. मी बटण दाबलं. लोकांच्या नकाशातही तोच रस्ता, त्याच जागी. दोन नकाशांचं एकमत.

भाऊंनी विचारलं, ‘मोठ्या रस्त्यानं जाऊ का ताई? सात-आठ मिनिटं जास्त लागतीन, पण पक्कं राहीन.’

‘नाल्याकडून जा भाऊ. जवळ पडतं.’

दुसऱ्या फोनवर सुमनबाईंच्या कानावर हे पडलं. त्या ओरडल्या, ‘नाल्याकडून रस्ता नाही वं बाई! काहून तिकडून पाठवून राहिली?’

आणि मी त्यांना काय म्हणाले ते मी विसरू शकत नाही. मी म्हणाले, ‘मावशी, नवीन झाला असेल. दोन्ही नकाशांत दिसतो.’

ती बाई त्या नाल्याच्या काठावर आठ वर्षं राहत होती.

भाऊंचा फोन आला तो सहा मिनिटांनी. ‘ताई, पुढं रस्ताच नाही. नाला आहे. घर दिसून राहिलं, बाई गच्चीवरून हात करून राहिली, पण गाडी कुठून नेऊ?’ मागे फिरून मोठ्या रस्त्याने जायचं तर आता वीस मिनिटं. डाव्या कानातल्या फोनवर सुमनबाई सांगत होत्या की काटा शून्यावर टेकला.

मी काही बोलायच्या आत भाऊ म्हणाले, ‘खांद्यावर घेऊन उतरतो.’

पंचावन्न वर्षांचा माणूस, खांद्यावर लोखंडी सिलिंडर, दोन पुरुष खोल नाला आणि तळाला सांडपाणी. फोन त्यांनी शर्टच्या खिशात चालूच ठेवला होता. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, गोटे घसरल्याचा आवाज आला आणि मग एक ओरडणं. त्यांचा पाय दगडात अडकला आणि गुडघा पिळला. पडले, पण सिलिंडर छातीशी धरून पडले. सिलिंडरचं तोंड आपटून तुटलं तर तो रॉकेटसारखा सुटतो, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

सुमनबाई आणि त्यांची शेजारीण पलीकडून उतरल्या. कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली होती. ती सिलिंडरला बांधून दोघी साठीच्या बायांनी तो वर ओढला. चावी कशी फिरवायची, नळी कुठे लावायची, हे सुमनबाईंना आधीच शिकवलेलं होतं. दहा मिनिटांनी त्या फोनवर आल्या. ‘बुढ्यानं डोळे उघडले. आता तुमच्या त्या भाऊले काढा नाल्यातून. बसून आहे बिचारा.’

मी तिसऱ्या ड्रायव्हरला फोन करून नाल्याकडे पाठवलं.

संध्याकाळी सहा वाजता, भाऊंना दवाखान्यात पोचवून आल्यावर, मी लोकांच्या नकाशात तो रस्ता पुन्हा उघडला. असा रस्ता कोणी काढला हे मला पाहायचं होतं. चार शब्द सुनवायचे होते. लोकांच्या नकाशात प्रत्येक रेघेचा इतिहास असतो, कोणी काढली, कधी काढली. तो कधीतरी कौतुक म्हणून बघण्यापलीकडे मी बघत नसे. त्या दिवशी बघितला. नाव होतं ‘कुंदा-उमरेड’. म्हणजे मी.

रेघ मी काढली होती. पुढे कधीतरी ती मोठ्या नकाशातही उगवली. कुठून, कशी, ते मला आजही ठाऊक नाही. पण माझाच अंदाज फिरून माझ्यासमोर आला आणि मी त्याला साक्षीदार मानलं. ज्या स्क्रिप्टचा मला अभिमान होता, तिने माझी चूक एका क्लिकमध्ये मला पुराव्यासारखी दाखवली. स्क्रिप्टचा काही दोष नाही. तिला जे सांगितलं ते तिने केलं.

रेघ मी त्याच मिनिटाला पुसली. मोठ्या नकाशाला ‘असा रस्ता नाही’ म्हणून फोटोसकट कळवलं. आठवड्याने उत्तर आलं, आभार मानले होते, आणि तपासणी केली असता बदलाची गरज आढळली नाही असं लिहिलं होतं.

भाऊंच्या गुडघ्यातला स्नायू फाटला होता. पुन्हा क्लच दाबता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मालकांनी त्यांना माझ्या शेजारी, दुसऱ्या फोनवर बसवलं. येईल त्याला ते सांगायचे, ‘ताईचा काय दोष? नकाशानंच धोका देल्ला.’ दोन महिने मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. धीर झाला नाही, दुसरं कारण नाही.

मधल्या काळात मी दौलतरावांना भेटून आले. नाकात नळी, तीन शब्द बोलले की थांबायचे. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तेच विचारायला लागले, नकाशात घरं कशी शोधता म्हणून. मी सांगितलं. ते म्हणाले, ‘आमच्यात नव्या माणसाले… पहिले आठ दिवस… जुन्यासंगं बीट चालावी लागे. चाललं नाही… तर थैली देत नव्हते.’ बीट म्हणजे पोस्टमनचा रोजचा ठरलेला फेरा. सुमनबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘ह्यायनं जिंदगीभर लोकायचे घर शोधले. अन् ह्यायचंच घर कोणाले सापडेना.’ राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. असता तर बरं झालं असतं.

परत आल्यावर मी स्क्रिप्टमध्ये तिसरं बटण घातलं. त्यावर लिहिलं, ‘कोणी पाहिलं?’ ते दाबलं की लोकांच्या नकाशातल्या त्या भागातला रस्ता कोणी, कधी आणि कशावरून काढला, सगळं उघडतं. मोठ्या नकाशात असं काही दिसत नाही, त्यामुळे त्याच्यापुरतं पेशंटच्या घरच्यांना फोन लावून विचारायचं असा नवा नियम केला. भाऊंना बटण दाखवलं. त्यांना फार आवडलं. दोन-तीन गल्ल्यांवर दाबून पाहिलं आणि मग सहज म्हणाले, ‘त्या नाल्याचं पाहा बरं ताई. कोणं काढला होता?’

पुसलेल्या रेघेचाही इतिहास राहतो. ‘आता त्यात नाही’ असं म्हणून मी वेळ मारून नेऊ शकले असते. माझा हात माऊसवर होता. मी ती जुनी नोंद उघडली.

भाऊंनी चष्मा लावला, वाचलं. ‘तुमचंच नाव दिसून राहिलं.’

‘हो भाऊ. मीच काढला होता. न बघता. सुमनबाई सांगत होत्या, तरी तुम्हाला मीच पाठवलं.’

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. खिडकीतून बाहेर गाडीकडे बघत बसले. ती आता दुसरा ड्रायव्हर चालवत होता. फोन वाजला, त्यांनी घेतला, पत्ता लिहून घेतला, ठेवला. त्या दिवशी ते माझ्याशी कामापुरतं बोलले. दुसऱ्या दिवशीही. आठवड्याने एका पत्त्यावर मी म्हणाले, ‘दोन्ही नकाशांत आहे,’ तर शेजारून आवाज आला, ‘कोणं पाह्यलं?’ तेव्हापासून आम्ही रिटायर होईपर्यंत प्रत्येक नव्या रस्त्याला ते हाच प्रश्न विचारायचे. मला तो ऐकायचं बळ यायला वेळ लागला, आणि पुढे त्याच्याशिवाय गाडी सोडवेना.

दौलतराव त्यानंतर दोन वर्षं जगले. आमचा ऑक्सिजन शेवटपर्यंत वेळेवर पोचत होता.

यंदा दसऱ्याच्या आधी भाऊंचा फोन आला. ‘ताई, तुमचा रस्ता झाला.’

‘कुठला?’

‘नाल्यावरचा. पूल बांधला. जावई सांगून राहिला होता, मले खरं नाही वाटलं.’

घरच्या कॉम्प्युटरवर मी अजूनही ती स्क्रिप्ट ठेवली आहे. मोठ्या नकाशात तो रस्ता होताच, इतकी वर्षं होताच, आणि आता नकाशावाले बरोबर ठरले होते. लोकांच्या नकाशात तिथे माझी पुसलेली मोकळी जागा. रेघ ओढायला दहा सेकंद लागले असते.

मी रिक्षा केली आणि भाऊंना घेऊन गेले. पूल लहानसाच आहे, कठड्याला अजून रंग नाही. अलीकडच्या टोकाला उतरून आम्ही चालायला लागलो. भाऊ काठी टेकत, पाय जरा बाहेर टाकत चालतात. मध्यावर थांबून त्यांनी खाली पाहिलं. दगड होते, पाणी होतं. पलीकडे सुमनबाई फाटकात उभ्या होत्या. आम्हाला येताना पाहून म्हणाल्या, ‘आता आले बरोबर.’

त्यांच्या ओट्यावर बसून मी फोनवरच लोकांचा नकाशा उघडला आणि रेघ काढली. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत, मध्ये पूल. माहिती कुठून घेतली, तो रकाना आला. मी लिहिलं, ‘स्वतः चालून पाहिला.’

भाऊ माझ्या खांद्यावरून वाचत होते.

‘माझंही नाव टाका,’ ते म्हणाले. ‘मी दोनदा पाह्यला.’